बोरसे बाईंचा तास

व्हिडिओ थांबवणं हे बोरसे बाईंचं सगळ्यात आवडतं काम होतं. पडद्यावरचे सर नुकतेच बोलायला लागलेले असत, हातात रंगीत खडू घेऊन हसत असत, आणि बाई रिमोटचं बटण दाबत. सर तोंड उघडं ठेवून तिथेच थिजत. मग बाई पोरांकडे वळून विचारत, "आते सांगा, तो काय म्हनना?"

मी त्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी पहिलं दृश्य हेच पाहिलं. माझं माहेर पाचोऱ्याचं, नोकरी नवी, आणि शाळा सोनगीरच्या पुढे फाट्यावरून आत जाणाऱ्या एका लहानशा गावात. वर्गाच्या खिडकीतून किल्ला दिसायचा. गावाने लोकवर्गणीतून शाळेला मोठा टीव्ही घेऊन दिला होता आणि त्यावर इंटरनेटवरचे धडे दाखवले जात. मी दारात उभी होते. टीव्हीसमोर सतरंजीवर पोरं बसलेली, आणि त्यांच्यातच मांडी घालून, पाठ माझ्याकडे करून, एक ठेंगणी, जाडसर बाई बसलेली. मला वाटलं, कोणाची तरी आई धडा बघायला आली असेल. त्या आमच्या मुख्याध्यापिका होत्या.

"ये पोरी, बस," त्या मागे न बघताच म्हणाल्या. "हे सर फार घाईत आहेत. आम्ही त्यांना जरा दम खाऊ देतोय."

मालती बोरसे त्यांचं नाव. पण गावात लहानथोर सगळे 'बोरसे बाई'च म्हणत. कायम सुती साडी, काळ्या दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा, आणि कमरेला रुमालाच्या जोडीला खोचलेला टीव्हीचा रिमोट. तो रिमोट कमरेला लावूनच त्या एकदा पोळ्याच्या दिवशी गावातून फिरल्या. दुकानावर कोणीतरी दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "असू द्या. कोणी जास्त बोललं तर बंद करता येईल."

पडद्यावर शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांना त्यांनी नावं ठेवली होती. एक 'घाईवाले सर', एक 'हातवारे बाई', एक 'कविता म्हणणारे आबा'. पोरंही तीच नावं वापरत. "बाई, आज हातवारे बाईकडून भूगोल लावा ना," अशी मागणी व्हायची. बाई त्या माणसांशी खरीखुरी बोलत. "नमस्कार सर," असं म्हणूनच धडा सुरू करत, आणि एखादं उदाहरण आवडलं की "हां, हे झकास सांगितलंत" अशी दाद देत. आणि गाडी फार पळायला लागली की हात कमरेकडे जायचा. "हाऊ बाबा भलता घाईमा शे."

त्या शाळेत मराठी बोलत, पण पोरगं अडलं की चटकन अहिराणीत शिरत. 'कळलं का' हा प्रश्न मात्र त्यांना अजिबात चालत नसे. मी पहिल्या आठवड्यात तो वर्गात सारखा विचारायचे. मधल्या सुट्टीत त्यांनी मला डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला आणि म्हणाल्या, "सुरेखा, कळलं का विचारलं की पोरं हो म्हणतात. तू विचारते म्हणून म्हणतात, बिचारी. तू 'काय कळलं' असं विचार. मग बघ गंमत."

मी विचारून पाहिलं. वर्गात अशी शांतता पसरली की मलाच घाम फुटला. ती शांतता सहन करायला मला बराच काळ लागला. बाईंना ती सवयीची होती. त्या प्रश्न विचारून सतरंजीचे धागे ओढत बसत, खिडकीबाहेर बघत, जणू काही त्यांना कुठे जायचंच नव्हतं. आणि मग मागून एखादा बारीक आवाज यायचा.

करोनात शाळा बंद झाल्या तेव्हाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. सगळं शिक्षण एकदम फोनवर गेलं. वरून आम्हाला रोज दुवे यायचे, ते आम्ही पालकांच्या गटावर टाकायचो. ज्यांच्या घरी बरा फोन होता तिथे तो दिवसभर बापाबरोबर शेतात असायचा. बाई धुळ्याला राहत, पण त्या काळात त्यांनी गावातच शाळेशेजारची खोली घेतली. सकाळी तोंडाला पदर गुंडाळून घराघरांतून फिरत. कोणाचा फोन कधी घरी येतो, कोणत्या ओट्यावर रेंज लागते, हे त्यांना पाठ झालं होतं.

सातवीत जयश्री नावाची मुलगी होती. शांत, पण गणितात वेगळीच चमक. गावातली शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला सोनगीरला जावं लागे, आणि तिच्या वडिलांनी, दगाभाऊंनी, आधीच सांगून टाकलं होतं की पोरगी आता घरीच राहील. बाईंना ते माहीत होतं. तरी त्यांनी जयश्रीचं नाव एका मोफत ऑनलाइन वर्गात घातलं. आठवीच्या गणिताची तयारी करून घेणारा तो वर्ग होता. आणि बाई दगाभाऊंच्या घरी गेल्या. मी बरोबर होते.

दगाभाऊ ओट्यावर बसलेले. त्यांनी पाणी दिलं, आदराने बसवलं, आणि ऐकून घेतल्यावर सरळ सांगितलं, "बाई, तुमना शब्दले मान शे. पन पोरना हातमा मोबाईल देवाना नही. भाऊबंद काय म्हनतीन?"

मला वाटलं बाई आता शिक्षणाचं महत्त्व सांगतील. त्या म्हणाल्या, "पोरना हातमा नका देऊ. तुमना हातमा धरा. ती फक्त दखी."

 दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीच्या आधी दगाभाऊ ओट्यावर बसत, फोन दोन्ही हातांनी आरशासारखा समोर धरत, आणि जयश्री समोर बसून धडा बघे. दार उघडं असे. येणारे जाणारे बघत. हळूहळू शेजारच्या पोरीही येऊन बसायला लागल्या. दगाभाऊंचे हात दुखत तेव्हा ते फोन पाण्याच्या माठाला टेकवत, पण स्वतः उठत नसत. महिन्याभराने बाजारात भेटले तेव्हा मला म्हणाले, "मॅडम, ती गणितनी बाई चांगली शे. पन एकदम भराभर बोलस. आमनी बाईसारखी नही."

आणि मग एक दिवस सगळं बंद पडलं. जयश्रीच्या काकांनी फोनवर एका पोराचा मेसेज पाहिला. पोराचं नाव, पोरीसाठी मेसेज, एवढंच घरभर पसरलं. दगाभाऊंनी फोन ट्रंकेत ठेवून दिला. जयश्रीला बोलणी बसली. आम्हाला हे शेजारच्या मुलीकडून कळलं. बाई भर उन्हात निघाल्या. मी वाटेत म्हणाले, "बाई, जरा दोन दिवस जाऊ द्या. त्यांचा राग शांत होऊ द्या."  त्यांच्या चालण्याचा वेग तेवढा वाढला.

ओट्यावर काका होते, आजी होती, आत जयश्रीची आई दाराआड. दगाभाऊ खाली मान घालून बसले होते. बाईंनी कोणाला दोष दिला नाही. "भाऊ, तो मेसेज काय होता? मला बघू द्या," एवढंच म्हणाल्या.

ट्रंक उघडली. फोन आला. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, वर्गात धडा वाचतात तसा, मेसेज वाचला. "जयश्री, तिसरं गणित मला जमत नाही. माझं उत्तर सोळा येतंय. तुझं किती आलं?"

पोरगा तिच्याच वर्गातला होता. बाईंनीच सगळ्यांचा गट करून दिला होता.

 बाईंनी चष्मा उतरवला आणि आत बघून हाक मारली, "जयश्री, बाहेर ये. तुझं किती आलं?"

ती दारात आली. रडून डोळे सुजलेले. "नऊ," ती म्हणाली.

"कसं? तुझ्या बाबांना सांग. मला नको, मला येतं."

तिने आधी बापाकडे बघितलं, मग खाली बसून विटेच्या तुकड्याने ओट्यावरच मांडायला सुरुवात केली. गणित असं होतं की एक शेत तिघं जण बारा दिवसांत निंदतात, तर चौघांना किती दिवस लागतील. आवाज पहिल्यांदा फुटत नव्हता. मग ती अहिराणीत बोलायला लागली तशी मोकळी झाली. "तीन माणसे, बारा दिन. म्हंजे छत्तीस रोज. आते माणसे वाढनात ते दिन कमी लागतीन ना? छत्तीसले चारनी भागो. नऊ."

दगाभाऊ विटेच्या त्या रेघांकडे बघत राहिले. निंदणी त्यांच्या रोजच्या कामातली. "आनि तो पोऱ्याना कितला उनात?" त्यांनी विचारलं.

"सोळा."

"माणूस वाढना आनि दिन बी वाढनात?" दगाभाऊ म्हणाले, आणि त्यांच्या मिशीत हसू आलं. "मंग ते चारीजण बांधवर गप्पा मारत बसेल व्हतीन."

आजी हसली. दाराआडून आईही हसली. काका मात्र उठून आत गेले.

बाईंनी तेवढ्यावर सोडलं नाही. म्हणाल्या, "भाऊ, त्या पोराला समजावून सांगायला पाहिजे ना? नाहीतर तो सोळाच करत बसेल. तुम्ही फोन धरा, जयश्री सांगेल, आपण सगळ्यांना पाठवू."

 दगाभाऊंनी दोन्ही हातांनी फोन धरला. जयश्रीने ते गणित पुन्हा सांगितलं. तो व्हिडिओ माझ्याकडे अजून आहे. चित्र सारखं हलतं. मध्येच दगाभाऊंचा खोकला ऐकू येतो, आणि कोंबडी ओरडते. पण पोरगी कॅमेऱ्याकडे बघत नाही, फोनच्या वर, बापाच्या तोंडाकडे बघते आणि शिकवते. तो व्हिडिओ गटातल्या प्रत्येकाने बघितला. दुसऱ्या दिवशी त्या पोराचा मेसेज आला, 'नऊ आलं', आणि तो दगाभाऊंनी स्वतः शेजाऱ्याकडे जाऊन वाचून घेतला. जूनमध्ये जयश्रीला सोनगीरच्या शाळेत घालायला मोटरसायकलवर दगाभाऊच घेऊन गेले. आज ती धुळ्याला नर्सिंगला आहे.

काकांनी मात्र बाईंशी बोलणं टाकलं ते टाकलंच. ते वाटेत दिसले की बाई त्यांना नेमाने नमस्कार करत. ते दुसरीकडे बघत.

शाळा पुन्हा सुरू झाल्या आणि पोरांसाठी टॅब आले. टॅबमध्ये एक ॲप होतं. कोणत्या शाळेने किती व्हिडिओ पूर्ण पाहिले याची टक्केवारी वरच्या कार्यालयात आपोआप दिसायची. व्हिडिओ शेवटपर्यंत गेला तर हिरवी खूण, मध्येच सोडला तर लाल. बाईंच्या वर्गात एक व्हिडिओ संपायला कधी दोन दिवस लागत, कधी तो संपायच्या आधीच पोरांना विषय समजे आणि त्या टॅब बंद करून सगळ्यांना मैदानात नेत. साहजिकच आमची शाळा लाल होती. आसपासच्या शाळांत तळाला.

आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख भले गृहस्थ होते. ते आले, चहा घेतला, आणि अवघडून म्हणाले, "बाई, मला वरून विचारणा होते हो. एक सुचवू का? शाळा सुटली की सगळे टॅब ओळीने लावून ठेवा. व्हिडिओ चालू करून द्या. आपोआप हिरवे होतील. बऱ्याच ठिकाणी तसंच करतात."

बाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे रिकाम्या वर्गाला शिकवू?"

"तसं नाही हो..."

"सर, मी फार वर्षं शिकवते आहे. पोरं झोपलेली असताना शिकवलंय, पोरं कापूस वेचायला गेली असताना उरलेल्या चौघांना शिकवलंय. रिकाम्या वर्गाला शिकवायला मला जमणार नाही. तुम्ही लाल राहू द्या."

केंद्रप्रमुख हसले, पण कसनुसं. त्या वर्षी आदर्श डिजिटल शाळेचा मान दुसऱ्या एका शाळेला मिळाला. समारंभ धुळ्याला होता. बाई मला घेऊन गेल्या, पुढच्या रांगेत बसल्या, आणि त्या शाळेच्या गुरुजींचं नाव पुकारल्यावर मनापासून टाळ्या वाजवल्या. परतताना एसटीत मात्र खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. सोनगीरचा फाटा आला तेव्हा म्हणाल्या, "माझ्या पोरांना तिथे स्टेजवर जायला आवडलं असतं गं." एवढंच. त्यांना कशाचं वाईट वाटतं हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

पुढे काही महिन्यांनी त्याच केंद्रप्रमुखांनी त्यांचं नाव सुचवलं. जिल्ह्यातल्या मुलांसाठी स्थानिक शिक्षकांचे धडे तयार करायचे होते. धुळ्यात एका खोलीत हिरवा पडदा लावून, दिवे लावून रेकॉर्डिंग चालायचं. बाईंनी नवी साडी नेसली होती. कॅमेरा सुरू झाला, आणि बोरसे बाई, ज्यांना मी कधी शब्दासाठी अडलेलं पाहिलं नव्हतं, त्या गप्प झाल्या. पुन्हा सुरू केलं. "नमस्कार मुलांनो," म्हणाल्या आणि थांबल्या. 

"काय झालं बाई?" कॅमेरावाल्याने विचारलं. तरुण पोरगा होता, अमळनेरचा.

"कोणाकडे बघून बोलू?"

"इकडे काचेत बघा. पोरं समोर आहेत असं समजा."

"समजता येत नाही रे मला," त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या.

शेवटी मी कॅमेऱ्याशेजारी खुर्ची घेऊन बसले, चहा देणाऱ्या मावशींनाही बसवलं, आणि बाई आम्हाला शिकवायला लागल्या. आधी अपूर्णांकाचा धडा, मग आणखी काही. प्रश्न विचारायच्या, थांबायच्या, आमच्या तोंडाकडे बघायच्या. एकदा कॅमेरावाल्याने मागून उत्तर दिलं, तेही चुकीचं. बाईंनी त्याला ते पुन्हा समजावलं, रेकॉर्डिंग चालूच. मावशी चहाचं भांडं मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसून राहिल्या.

अपूर्णांकाचा धडा तयार होऊन शाळेत आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आपली बाई टीव्हीत दिसते म्हणून. बाई सतरंजीवर बसून बघत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. संकलन करणाऱ्याने मधली सगळी शांतता कापून टाकली होती. प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर येत होतं.

"मी पण घाईवालीच झाले की," त्या म्हणाल्या.

त्यांनी धुळ्याला फोन केला. व्हिडिओची लांबी ठरलेली असते, रिकाम्या जागा ठेवल्या तर बघणारा निघून जातो, असं तिकडून सांगितलं. बाई म्हणाल्या, "ती जागा रिकामी नाही साहेब. तिथे पोराने बोलायचंय." बऱ्याच फोनांनंतर त्या एका धड्यात, फक्त एकाच, धुळ्याच्या लोकांनी त्या जागा परत घातल्या. बाकीचे तसेच राहिले.

माझी बदली चाळीसगाव तालुक्यात झाली, बाई निवृत्त झाल्या, आणि तो एक धडा मी माझ्याबरोबर आणला. नवीन शाळेत पहिल्यांदा लावला तेव्हा बाईंनी पडद्यावरून विचारलं, "अर्ध्याचं अर्धं किती?" आणि त्या गप्प झाल्या. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. एक म्हणाला, "मॅडम, नेट गया." मी काही बोलले नाही. पडद्यावर बाई वाट बघत होत्या, पापण्या हलत होत्या. मग कोपऱ्यातल्या एका मुलीने हळूच सांगितलं, "पाव." त्यानंतरच बाई हसल्या आणि पुढे बोलायला लागल्या. वर्गाला वाटलं, त्यांनी ऐकलं.

त्यांची माझी शेवटची भेट चाळीसगाव स्टेशनावर झाली. मी शाळा सुटल्यावर पाचोऱ्याला घरी निघाले होते. पलीकडच्या बाकावर बाई बसलेल्या दिसल्या. केस जास्त पांढरे झालेले, पायात कापडी बूट. कानात हेडफोन, समोर फोन, आणि ओठ हलत होते. मी जवळ गेले तर मोठ्याने काहीतरी म्हणत होत्या, जे मला कळेना. बाजूचे लोक बघत होते. त्यांना पर्वा नव्हती.

मी खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी हेडफोन काढले. "अगं सुरेखा. बस, बस." मग सांगितलं. मुलगा हुबळीला, सून तिकडचीच. नात आता बोलायला लागली होती आणि सगळं कन्नडात बोलत होती. "ती मला आज्जी म्हणून हाक मारते. पुढचं मला काही समजत नाही. नुसतं हसून किती दिवस काढायचे? म्हणून ऑनलाइन वर्ग लावलाय. रोज सकाळी, आणि प्रवासात."

"जमतंय का?" मी विचारलं.

"फार अवघड आहे गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती, परीक्षेला निघालेल्या मुलीसारखी. "अक्षरं सगळी गोल गोल. एकीकडे लक्षात ठेवते, दुसरीकडे विसरते. ऊटा आय्ता, हे तेवढं पक्कं झालंय. जेवण झालं का, असा अर्थ. तिकडे भेटलं की आधी हेच विचारतात म्हणे."

त्यांना मनमाडपर्यंत जायचं होतं, तिथून पुढे हुबळीची गाडी. गाडी आली. मी त्यांची पिशवी आत ठेवली, खाली उतरले आणि खिडकीशी उभी राहिले. बाईंच्या समोरच्या बाकावर एक कुटुंब बसलं होतं. म्हातारी, तिची सून, मांडीवर मूल. म्हातारी सुनेशी बोलत होती. बाईंनी कान टवकारले. मला काहीतरी सांगायला त्या खिडकीकडे वळल्या होत्या, त्या तशाच अर्ध्यावर थांबल्या आणि त्या म्हातारीकडे वाकल्या.

"ऊटा आय्ता?" बाईंनी विचारलं.

म्हातारी चकित झाली. मग तिचं सगळं तोंड हसलं आणि ती भराभर बोलायला लागली, थांबायचं नावच घेईना. बाई हात वर करून तिला हळू, हळू असं सांगत होत्या आणि एकेक शब्द पकडायला बघत होत्या. गाडी सुटली. मी हात हलवला. बाईंची पाठ माझ्याकडे होती. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.